भाजणी, चकली, लोणचं समुद्रमार्गे अमेरिकेला: आधी पॅकिंगचं टेबल, मग जहाज

चिपळूणजवळच्या एका गृहउद्योगातल्या ताईंनी विचारलं आहे. दोघी जावा मिळून थालिपीठाची भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, कैरीचं लोणचं, चकली, पोह्यांचा चिवडा, अनारसे आणि खोबऱ्याच्या वड्या करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका मराठी दुकानदाराने अकराशे किलोच्या आसपास माल मागितलाय. आजवर कुरिअरने पाच-दहा किलोची पार्सलं जायची. अमेरिकेने ८०० डॉलरखालच्या पार्सलांवरची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, तेव्हापासून तेही परवडत नाही. समुद्रमार्गे पाठवायचं तर सुरुवात कुठून करायची, माल चांगला पोचेल का, आणि दुबईचा एक जण मागे लागलाय त्यालाही हेच पाठवता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, न्हावा-शेव्याच्या बंदरातून खाण्याचा माल बाहेर पाठवायचं काम मी वीसेक वर्षं करतोय. या काळात जहाजामुळे माल वाया गेल्याची प्रकरणं मी फार थोडी पाहिली. बहुतेक नुकसान पॅकिंगच्या टेबलावरच होऊन गेलेलं असतं. फक्त ते दोन महिन्यांनी, समुद्रापलीकडे, कुणीतरी बॉक्स फोडल्यावर कळतं. म्हणून भाड्याचं कोटेशन मागवायच्या आधी तुमची यादी समोर घ्या. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पहिला हिशोब दिवसांचा. एडिसनचा माल नेवार्क-एलिझाबेथच्या धक्क्यावर उतरतो. पूर्वी सुएझमार्गे जाणारी जहाजं बरीच लवकर पोचायची. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्यात दहा ते चौदा दिवस वाढले. वेळापत्रक बुकिंगच्या दिवशीचंच विचारा, मागच्या वर्षीचं गृहीत धरू नका. सुटा माल असेल, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणारा, तर आपल्याकडच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराच्या गोदामात, कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि तिकडे कंटेनर रिकामा होऊन माल वेगळा होईपर्यंत पुन्हा थांबावं लागतं. तुमच्या दारातून दुकानाच्या फळीपर्यंत ६० दिवस धरा.

आता चकलीची मुदत चार महिने म्हणजे १२० दिवस लिहिलीत, दहा दिवस तळण-पॅकिंगमध्ये गेले आणि ६० प्रवासात, तर दुकानदाराच्या हातात ५० दिवस उरतात. कुठलाही शहाणा दुकानदार निदान निम्मी मुदत शिल्लक मागतो. भाजणी, मेतकूट आणि मसाला सहा ते नऊ महिने टिकतात, ते या हिशोबात आरामात बसतात. चकली आणि चिवडा थोडक्यासाठी चुकतात. खोबऱ्याच्या वड्या यादीतून काढा. त्या प्रवासात टिकणार नाहीत, शिवाय त्यात दूध पडतं. आपल्या देशात जनावरांना लाळ्या-खुरकुताचा रोग आहे, त्यामुळे इथल्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेच्या कृषी खात्याचे वेगळे निर्बंध आहेत. पहिल्या खेपेत त्या वाटेला जाऊ नका.

लोणच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले जाणते लोक अडकतात. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध प्रशासन, हवाबंद बरणीतल्या पदार्थाचे दोन आकडे बघतं. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितका पदार्थ आंबट) ४.६च्या वर आहे की खाली, आणि पदार्थातलं मोकळं पाणी, ज्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, ते ०.८५च्या वर आहे की खाली. कैरी मुळात आंबट, त्यामुळे नुसत्या कैरीचं खारवलेलं लोणचं बहुधा सुटतं. पण त्यात लसूण, हिरवी मिरची, गाजर असं कमी आंबट काही घातलं आणि कैरीच्या नाहीतर लिंबाच्या आंबटपणावर ते टिकवलं, की ते ‘आम्लीकृत’ पदार्थात मोडू शकतं. मग कारखान्याची वेगळी नोंदणी आणि प्रत्येक पदार्थाची, प्रत्येक आकाराच्या बरणीची प्रक्रिया दाखल करावी लागते. चार वेगवेगळ्या घाण्यांचे नमुने प्रयोगशाळेत देऊन दोन्ही आकडे काढून घ्या. दरवेळी हाताने मीठ-कैरीचं प्रमाण बदलत असेल तर आकडेही बदलतील, आणि तेच तुम्हाला आधी कळायला हवं. पहिल्या खेपेत लोणचं पाठवू नका असं मी स्पष्ट सांगेन. पुढच्या वर्षी तयारीनिशी पाठवा.

मसाल्यात मुख्य धोका साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूचा. लसूण, कांदा, धने उन्हात वाळवलेले असतात आणि अंगणात चिमण्या-कबुतरं येतात. प्रत्येक घाण्याचा अहवाल असल्याशिवाय मसाला बॉक्समध्ये भरू नका. इथिलीन ऑक्साइड वायूने मसाला निर्जंतुक करून देणारे आपल्याकडे आहेत, अमेरिकेत ते मर्यादेत चालतं. युरोपात चालत नाही. एप्रिल २०२४मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर जी कारवाई केली, ती याच वायूच्या अंशांवरून. उद्या लंडनची किंवा फ्रँकफर्टची ऑर्डर येऊ शकते असं वाटत असेल तर आत्तापासूनच वाफेवर निर्जंतुक करून घ्यायची सवय लावा.

दुबईचं उत्तर इथेच देऊन टाकतो. तुमच्या अनारशांवर खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे, सिंगापुरातही. ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि ‘फराळाचं आहे हो’ म्हणून काही सुटका होत नाही. करंजीच्या सारणातही बऱ्याच घरी खसखस असते. दुबईला जाणाऱ्या घाण्याच्या दिवशी खसखशीचा डबाच कारखान्यात नको, कारण पोळपाटावरून चार दाणे दुसऱ्या पदार्थात जातात. बाकी मालाला आखातात अरबी मजकूर लागतो, आणि उत्पादनाची व मुदतीची तारीख पाकिटावर छापलेली लागते. तारखेचं स्टिकर चिकटवून चालत नाही. दुबईत विकायच्या मालाची नोंद आयातदाराने नगरपालिकेच्या ‘मोंताजी’ या यंत्रणेत करायची असते. न्हावा-शेव्याहून दुबईचं बंदर जेबेल अली एरवी तीन-पाच दिवसांचा प्रवास, त्यामुळे चकली-चिवड्यासाठी दुबई मला न्यू जर्सीपेक्षा सोयीची वाटते.

आता लेबल. इथे घाई करू नका, हात जोडून सांगतो. अमेरिकेत नऊ पदार्थ ठळक ऍलर्जीकारक म्हणून लेबलवर जाहीर करावे लागतात, आणि १ जानेवारी २०२३पासून त्यात नववा आला तो तीळ. म्हणजे तुमची चकली त्यात आली. चिवड्यात शेंगदाणे, ते तर आधीपासूनच. गव्हाचं सगळ्यांच्या लक्षात येतं भाजणीपुरतं. पण बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. चिवड्याच्या फोडणीत चमचाभर हिंग गेला की चिवड्यातही गहू आला. तांदळाच्या चकलीवर कुणी ‘ग्लुटेन फ्री’ छापलं आणि आत असा हिंग असला, तर ते लेबल खोटं ठरतं. त्यावर विश्वास ठेवून खाणाऱ्या सीलिअ‍ॅकच्या पेशंटला, म्हणजे ज्याला गव्हातलं ग्लुटेन चालत नाही त्याला, त्याचा खरा त्रास होतो. हिंगाच्या डब्यावरचे घटक वाचा आणि पुरवठादाराकडून लिहून घ्या. मोहरी अमेरिकेच्या नऊमध्ये नाही, पण ब्रिटन आणि कॅनडाच्या यादीत आहे. कॅनडाला तर सक्तीचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत लागतो. सांगायचं इतकंच की एकच लेबल छापून सगळीकडे पाठवता येत नाही.

मेतकुटाच्या पाकिटावर तुम्ही ‘आजारी माणसांना व लहान बाळांना उत्तम, पचनाच्या तक्रारींवर गुणकारी’ असं छापलंय. ते आपल्या घरोघरी खरं मानलं जातं आणि मीही मऊ भातावर तेच खात मोठा झालो. तिकडे मात्र आजारावर गुणकारी म्हटलं की तो पदार्थ औषधाच्या नियमात जातो. तो मजकूर काढा. वजन ग्रॅममध्ये आणि औंसातही, पोषणमूल्यांचा चौकोन अमेरिकेच्या नमुन्यातला, आणि ‘भाजणी’ या नावाखाली ते भाजलेल्या धान्या-डाळींचं पीठ आहे हे इंग्रजीत. तारखेत महिना अक्षरात लिहा. ०५-०८ म्हणजे आपला ५ ऑगस्ट त्यांना ८ मे वाटतो, आणि ताजा माल दुकानदाराला मुदत संपलेला दिसतो. लेबलची पीडीएफ दुकानदाराला पाठवून त्याची लेखी मंजुरी आल्याशिवाय एकही रीळ छापायला देऊ नका.

त्या दुकानदाराला आजच एक प्रश्न विचारा: ‘अमेरिकेच्या कागदावर आयातदार कोण?’ अनेकांना वाटतं, माल मागवला, पैसे दिले, काम झालं. एफडीएच्या नियमाने, ज्याला एफएसव्हीपी म्हणतात, तुमच्या कारखान्यातलं अन्न सुरक्षित आहे याची पडताळणी करून तशी नोंद ठेवायची जबाबदारी तिकडच्या आयातदाराची असते. तो तुमच्याकडे धोक्यांचं विश्लेषण, तपासणी अहवाल, पाण्याचा रिपोर्ट मागणार. मागत नसेल तर ते काळजीचं लक्षण समजा. माल जहाजावर चढायच्या २४ तास आधी आयएसएफ नावाची माहिती तिकडच्या कस्टमला त्यानेच भरायची, चुकली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. खाद्यपदार्थांची पूर्वसूचना जहाज पोचायच्या किमान ८ तास आधी एफडीएला गेली पाहिजे. दुकानदाराने हे कधीच केलं नसेल तर त्याने एखादा नेहमीचा आयातदार मध्ये घ्यावा. दोन पैसे जास्त जातील, पण रात्री झोप लागेल. आयात कराचा दर मी इथे लिहीत नाही, तो अलीकडे सारखा बदलतोय. ज्या आठवड्यात माल निघेल त्या आठवड्यात त्यांच्या ब्रोकरकडून लेखी घ्या.

तुमच्या बाजूचे कागद त्या मानाने सरळ आहेत. आयईसी कोड (आयात-निर्यातीचा क्रमांक), निर्यातीसाठीचा एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना, मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, बाकी मालासाठी अपेडा या शेतमाल-खाद्य निर्यात प्राधिकरणाची. जीएसटी न भरता पाठवायचं तर एलयूटी हे हमीपत्र. बँकेचा एडी कोड (परकीय चलनासाठीचा बँकेचा क्रमांक) बंदरावर नोंदवलेला हवा, नाहीतर शिपिंग बिल हा कस्टमचा निर्यातीचा कागदच निघत नाही. आणि कारखान्याची एफडीए नोंदणी, तिच्यासाठी अमेरिकेत राहणारा एजंट लागतो. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. लोक एकदा करतात आणि विसरतात, मग जानेवारीत निघालेला माल तिकडे अडतो. तुमचा सीएचए, म्हणजे कस्टमची कामं करणारा एजंट, यातलं बहुतेक करून देईल. फक्त पदार्थांची यादी त्याला नीट द्या. ‘फराळ’ असं एकच नाव घालून भागत नाही, कस्टममध्ये प्रत्येक पदार्थाचा वर्गीकरण क्रमांक वेगळा. पापड १९०५मध्ये जातो, मिश्र मसाला ०९१०मध्ये, चिवडा २१०६मध्ये.

भाड्याचं गणित आता कागदावर करून दाखवतो. भाजणी, मेतकूट, मसाल्याचे १२ किलोचे ६० बॉक्स धरू, प्रत्येक ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटर. झाले ७२० किलो, जागा १.८ घनमीटर. चकली-चिवड्याचे ५ किलोचे ८० बॉक्स, ४५ बाय ३५ बाय ३०चे. झाले ४०० किलो, पण जागा ३.७८ घनमीटर. सुट्या मालाला टन किंवा घनमीटर यातला जो आकडा मोठा त्यावर भाडं लागतं, म्हणजे तुम्हाला ५.५८ घनमीटरचं बिल येणार. वजनात चिवडा-चकली साधारण एक तृतीयांश आणि भाड्यात दोन तृतीयांश! प्रत्येक पदार्थाची किंमत त्याने घेतलेल्या जागेवरून काढा. सरसकट किलोमागे भाडं वाटलंत तर भाजणीच्या नफ्यातून चिवड्याचं भाडं जाईल आणि वर्षभर कळणारही नाही.

कोटेशन घेताना न्हावा-शेव्याचं भाडं फार कमी दिसलं तर हुरळून जाऊ नका. सुट्या मालात कमी भाडं दाखवून तिकडच्या गोदामात हाताळणीचे, कागदांचे, कंटेनर रिकामा करण्याचे पैसे वसूल करायची पद्धत जुनी आहे. ते बिल दुकानदाराला येतं आणि तो तुमच्यावर चिडतो. दोन्ही टोकांचे खर्च एकाच कागदावर लिहून मागा.

सुट्या मालाची आणखी एक गोष्ट आहे, शेजार. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पार्टीच्या चकल्या अशाच सुट्या मालात गेल्या. दुकानदाराने बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पाठवला. पाकिटं फुगलेली नाहीत, फुटलेली नाहीत, चकली कुरकुरीत, काटे शाबूत. त्याने एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि तसाच काढून हातावर ठेवला. चकलीला मोगऱ्याचा वास येत होता. त्याच कंटेनरमध्ये अगरबत्त्या होत्या. पातळ प्लॅस्टिकमधून वास आत जातो, आणि तेलकट पदार्थ तो धरून ठेवतात. सगळा माल टाकावा लागला. तेव्हापासून बुकिंग करताना मी लेखी मागतो की कंटेनरमध्ये अगरबत्ती, साबण, रबर, रंग नको. तुमचा दुकानदारही म्हणेल, ‘ताई, त्याच बॉक्सात थोडा कापूर आणि उदबत्ती टाका ना.’ टाकू नका. वास तर आहेच, शिवाय कापूर सागरी वाहतुकीत ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून धोकादायक मालात धरतात. न सांगता घातला तर तो गुन्हा होतो.

पाकीट म्हणून तुम्ही सध्या वापरता ती पारदर्शक पिशवी इथल्या बाजाराला ठीक आहे. समुद्राला अ‍ॅल्युमिनिअम फॉइलचा थर असलेलं पाकीट घ्या, तळलेल्या मालात नायट्रोजन भरून. डेकवर वरच्या रांगेतला कंटेनर उन्हात तापला की छताजवळ पन्नास-साठ अंशांपर्यंत जातो, आणि तिथे तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. याची परीक्षा घरीच घेता येते. एप्रिल-मे महिन्यात पूर्ण पॅक केलेला एक बॉक्स पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवा, ४५ दिवस हात लावू नका. मग उघडा, खा, शेजारच्यांना खायला द्या, आणि एक पाकीट प्रयोगशाळेत पेरॉक्साइड व्हॅल्यूसाठी, म्हणजे तेल किती खवटलं ते मोजायला, पाठवा. माळ्यावर टिकलेली चकली सहसा समुद्रावरही टिकते.

उष्णतेहून जास्त नुकसान पाण्याचं होतं, आणि ते पाणी बाहेरून येत नाही. कोकणातली दमट हवा कंटेनरमध्ये बंद होते, लाकडी पॅलेट (ज्यावर बॉक्स रचतात ती चौकट) आणि पुठ्ठाही ओल घेऊन आत जातात. जहाज थंड अटलांटिकमध्ये शिरलं की छताचा पत्रा गार पडतो, आतली वाफ त्याला धरते आणि थेंब थेंब खालच्या बॉक्सांवर गळते. आम्ही याला कंटेनरला घाम सुटणं म्हणतो. वरच्या थरातले बॉक्स मऊ होतात, मऊ बॉक्स वरचं वजन पेलत नाहीत, आणि रास तिरकी होते. पूर्ण कंटेनर असेल तर भिंतीला टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या लावतात. सुट्या मालात कंटेनर तुमच्या हातात नसतो. म्हणून पाच थरांचा पुठ्ठा, प्रत्येक बॉक्सच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, पॅलेटवर वरून टोपीसारखा प्लॅस्टिकचा थर, मग स्ट्रेच फिल्म. पॅलेट कोरडी आणि शिक्का असलेली हवी. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवल्याचा तो शिक्का असतो, आणि तो नसलेलं पॅलेट अमेरिका मालासकट परत पाठवू शकते. पावसाळ्यात टेम्पोवर ताडपत्री दुहेरी टाका. परशुराम घाटातला पाऊस एका ताडपत्रीला जुमानत नाही.

विमा घ्या. या एका बाबतीत मी पार्टीचं ऐकत नाही. ‘ए’ कलमाचा, म्हणजे सगळ्यात व्यापक संरक्षणाचा, सागरी विमा या मालाला फार महाग पडत नाही. पण तो काय देत नाही हेही माहीत असू द्या. माल मुळातच नाजूक असल्याने खवट झाला किंवा जहाज उशिरा पोचल्याने मुदत संपली, तर पैसे मिळत नाहीत. म्हणून तर माळ्यावरची परीक्षा. मग विमा कशाला? २३ मार्च २०२१ला ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवसांनी सुटलं. त्यानंतर मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात त्यावरच्या प्रत्येक मालाच्या मालकाचा वाटा. तुमच्या चार पॅलेटना काही झालं नसलं तरी वाटा लागतो. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते आणि माल सुटतो. नसेल तर आधी स्वतःच्या खिशातून रोख ठेव भरायची.

पैशांचं: निम्मे आगाऊ, त्यातूनच पुठ्ठा, पाकिटं, तपासण्या. उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाजावर माल चढल्याच्या पावतीची, स्कॅन प्रत पाठवल्यावर, आणि ते खात्यावर दिसल्यानंतरच माल सोडायची सूचना. माणूस मराठी आहे, ओळखीचा आहे, त्याची आई तुमच्याच गावची आहे, हे सगळं असलं तरी हाच क्रम ठेवा.

राहिली दिवाळी. तुम्ही विचारलंय की यंदाचाच फराळ पाठवावा का. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. माल तीन आठवडे आधी दुकानात हवा, म्हणजे १८ ऑक्टोबर. साठ दिवस मागे गेलात की १९ ऑगस्टला माल तुमच्या दारातून निघायला हवा, आणि तळण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. चिपळुणात त्या दिवसांत पोहे उघडे ठेवले तर तासाभरात सादळतात. हवा कोरडी करणारं यंत्र बसवलेली बंद खोली नसेल तर ऑगस्टमध्ये निर्यातीचा चिवडा तळू नका. पहिली खेप दिवाळीनंतर, जानेवारीच्या कोरड्या हवेत पाठवा: भाजणी, मेतकूट, मसाला, ६० बॉक्स, पावणेदोन-दोन घनमीटर. सोबत चकलीचे फक्त दोन बॉक्स नमुना म्हणून, लेबल आणि कागदांसकट. दुकानदाराला ते पोचल्याच्या दिवशी एक उघडायला सांगा आणि दुसरा महिन्याने.